जोडांतून जाणारी हवा

(इफिसकरांस पत्र 4:1-16 वाचावें.)



गेल्या वैशाखांत मुरबाडहून शहापुरास जातां आमच्या दुचाकीचें चाक बसलें, व आग्रा रस्त्यावरील एका पंक्चरच्या दुकानांत आम्हांस घटकाभर थांबावें लागलें. दुकानदार आपल्या हवेच्या काँप्रेसरवर चिडला होता. रात्रीं कोणी हवा घेत नसतांही त्याची मोटर थोड्या थोड्या वेळानें आपोआप सुरू होई. टाकी भरे, पुन्हा रिती होई, आणि विजेचें बिल मात्र वाढे. टाकीस भोंक तर कोठेंच नव्हतें.

त्यानें साबणाचें पाणी करून एकेका जोडावर लाविलें. रबरी नळी व पितळी तोटी जेथें आट्यांनीं जोडिली होती तेथें बारीक फेंस उठूं लागला. ह्याच तालुक्यांतील तानसा तलावाचें पाणी 1892 पासून मुंबईस नळांनीं जातें. तो नळ गळाला तर माती ओली होते. हवेची गळती तशी दिसत नाहीं.

प्रेषित पौल मंडळीस शरीर म्हणतो, आणि त्या शरीराची वाढ सांध्यांच्या द्वारें होते असें सांगतो. हें आम्हीं पुष्कळदां वाचलें. परंतु गळण्याचें ठिकाणही सांधाच, हें त्या दुकानांत उमगलें. रविवारीं आम्ही भरून घरीं जातों व बुधवारच्या प्रार्थनेस रिते येतों. मग म्हणतों, उज्जीवन सभा भरवा, मोठा उपदेशक आणा. हें म्हणजे मोटर अधिक फिरविणें होय. देवाची कृपा कमी पडली नाहीं. सासू आणि सून, पंच आणि उपदेशक, भाऊ आणि भाऊ जेथें जोडले आहेत तेथें फट आहे.

दुरुस्तीची रीत ऐका. प्रथम त्यानें मोटर बंद करून टाकींतील सर्व हवा सोडून दिली. दाबाखालीं असलेला जोड उघडल्यास तो उडून डोळा फोडील. (भांडण तापलें असतांच तें उकलावयास बसणाऱ्या पंचांनीं हें ध्यानांत घ्यावें.) मग आट्यांत अडकलेली जुनी पट्टी तारेच्या ब्रशानें खरवडून काढिली, कारण जुन्या मळावर नवी पट्टी बसत नाहीं. टेफ्लॉनची ती पातळ पांढरी पट्टी त्यानें ताणून तीन वेढे गुंडाळिली, तीही जोड ज्या दिशेनें आवळावयाचा त्याच दिशेनें. उलट गुंडाळल्यास आवळतांना ती गोळा होऊन निघते. पहिला आटा मोकळा ठेविला, म्हणजे तुकडा आंत जाऊन झडप अडकत नाहीं. पूर्वीं नळाचीं कामें करणारे सुताला सफेदा लावून हेंच साधीत. इतक्यांत त्याच्या पोऱ्यानें पान्यावर सगळा जोर घातला, तेव्हां तो ओरडला, "अरे, पितळ आहे, तडकेल!" आम्हांस लाज वाटली. किती घरांत आम्हीं नम्रता व सहनशीलता ह्यांची पट्टी न लावितां केवळ पाना फिरविला आहे!

एका मंडळींत, नांव लिहीत नाहीं, बांधाच्या वादावरून दोन घरें चार वर्षें एका पंगतीस बसलीं नाहींत. प्रभुभोजनास एक घर आलें कीं दुसरें येत नाहीं. तेथील उपदेशक बंधूनें उज्जीवन सभेसाठीं आम्हांस पत्र लिहिलें आहे. सभेची तारीख आम्हीं अद्याप दिली नाहीं. भाताची लावणी आटोपतांच आम्ही त्या दोन्ही घरीं जाणार आहों. त्यांचा ताप निवावा म्हणून वाचकांनीं प्रार्थना करावी. आणि आमच्यासाठींही करावी, कारण त्या वादांत आम्ही एकदां एका बाजूनें बोललों होतों.