काठ उथळ राहू द्या

उत्तर बेंगळुरूतल्या जक्कूर तळ्याच्या वरच्या अंगाला पाणी जेमतेम घोटाभर असते. तिथे सकाळी बायका विळ्याने गवत कापून भारे बांधतात. दहा पावलांवर जांभळी पाणकोंबडी लव्हाळ्यात चरत असते. विळ्याच्या आवाजाला ती दचकत नाही. ट्रॅकवरून फिरायला आलेल्यांपैकी कुणीतरी नाक मुरडून म्हणतेच, ‘हा चिखल एकदा साफ करायला हवा.’ त्या चिखलाच्या बाजूने मला बोलायचे आहे.

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर वसलेले, जवळ मोठी नदी नाही. इथली तळी माणसांनीच ओढ्यांना बांध घालून केली. वरचे भरले की जादा पाणी राजकालुवेतून, म्हणजे मोठ्या पाटातून, खालच्या तळ्यात उतरायचे. शहाजीराजांकडे ही जहागीर होती तेव्हाही गाव तळ्या-विहिरींवरच जगत होते. तळी वापरात होती म्हणून त्यांची निगा राहिली: गाळ शेतात जाई, खाली भात पिके, गुरे पाण्यावर येत. 1890 च्या दशकात हेसरघट्टाहून नळाचे पाणी आले आणि हळूहळू ही गरज सरली. धर्मांबुधी तळ्याच्या जागी आज मॅजेस्टिकचे बसस्थानक आहे, संपंगी तळ्यावर कंठीरव स्टेडियम. उरली त्यांत शहराने सांडपाणी सोडले. जानेवारी 2018 मध्ये बेळ्ळंदूर तळ्यावर लागलेली आग विझवायला लष्कराचे जवान आणावे लागले. तळ्याला आग लागते, ही गोष्ट एका पिढीने डोळ्यांनी पाहिली.

मग पुनरुज्जीवन सुरू झाले. त्याची एक ठरलेली रीत पडून गेली आहे. पाणी काढायचे, पोकलेनने गाळ उपसायचा, काठ उभा कापून दगडी पिचिंग करायचे, भोवती ट्रॅक आणि कुंपण. तळ्याची खोल वाटी होते. पाणी जास्त मावते, फोटोही देखणा येतो. पण शेकाट्याला त्याच्या पायांच्या उंचीइतकेच पाणी चालते, तुतवाराला ओला चिखल लागतो, वंचक काठाशी उभा राहूनच मासा टिपतो. उभ्या दगडी काठावर यांतले कुणी उभे राहणार कुठे?

जक्कूरला वेगळे घडले. 160 एकरांच्या या तळ्याच्या वर सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प आहे. सुरुवातीला त्याची क्षमता दिवसाला 1 कोटी लिटरची होती. तिथले पाणी थेट तळ्यात न सोडता आधी उथळ पाणथळीतून फिरवले जाते. पाणकणसाच्या दाटीत त्याचा वेग मोडतो, गाळ खाली बसतो, उरलेले नत्र आणि स्फुरद मुळे शोषून घेतात. तेच गवत होऊन भाऱ्यांतून गोठ्यात जाते. कोळी मासे धरतात, झोळीवाले आणि चित्रबलाकही त्याच माशांवर येतात. ही घडी नाजूक आहे: प्रकल्प बिघडला किंवा पाटातून कच्चे सांडपाणी शिरले की ती विस्कटते. म्हणून तिची रोज राखण लागते.

ट्रॅकवर फिरणाऱ्यांवर माझा राग नाही. सर्जापूर रस्त्यावरचे कैकोंड्रहळ्ळीचे तळे महापालिकेबरोबर रहिवासी उभे राहिले म्हणून वाचले. रोज पाहणारे डोळे नसतील तर तळ्याचा भूखंड व्हायला वेळ लागत नाही. पण पाहणाऱ्याचा हक्क कापणाऱ्या, चारणाऱ्या, जाळे टाकणाऱ्या हातांपेक्षा मोठा नाही, आणि पक्ष्यांपेक्षा तर नाहीच. ट्रॅक तळ्याला पूर्ण वेढा घालणारा कशाला हवा? एक बाजू माणसांवाचून राहू द्यावी.

समुद्रकाठच्या पाणथळीलाही नुसते पाहणारे पुरत नाहीत. नवी मुंबईत नेरुळच्या रोहितांच्या (फ्लेमिंगोंच्या) तलावात भरतीचे पाणी येणे अडले, तेव्हा काठावर उभे राहून पाहणाऱ्यांची गर्दी त्याला वाचवू शकत नव्हती. वाट मोकळी करून पाणीच आत यायला हवे होते.

तुमच्या गावच्या तळ्याच्या सुशोभीकरणाचा आराखडा समोर येईल तेव्हा दिव्यांचे खांब मोजत बसू नका. एप्रिलमध्ये पाणी कुठून येणार आणि किती काठ उथळ ठेवणार, हे दोन प्रश्न विचारा, आणि उत्तरे लेखी मागा.