जनी आपले नाव सांगते



गंगाखेड हे आपल्या परभणी जिल्ह्यातले गोदाकाठचे क्षेत्र, संत जनाबाईंचे जन्मस्थान. नामदेवरायांच्या घरी जनीने जन्मभर दळणकांडण केले, स्वतःस दासी म्हणविले. परंतु तिच्या अभंगाच्या शेवटी नाव कोणाचे येते? जनीचे. नामदेवरायांचे नाव ती आदराने जोडते खरी, पण बोलणारी ती स्वतः असते. आपले बोल तिने दुसऱ्याच्या नावावर लावून दिले नाहीत. ह्या एवढ्याच गोष्टीचे आज चिंतन करू.

नाव सांगण्याची भीड ह्या देशात फार महाग पडलेली आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी मतदारयाद्या होत असता, उत्तरेकडील राज्यांत लाखो बायांनी 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढेच सांगितले. तेवढ्यावरून सुमारे २८ लाख स्त्रिया यादीतून गळाल्या. आपला जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी संपून तीन-चार वर्षेच लोटली होती. त्या निवडणुकीत येथील बाईलाही पुरुषाच्या बरोबरीने मत मिळाले. पुढे २४ एप्रिल १९९३ पासून ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पंचायतींत एक तृतीयांश जागा स्त्रियांच्या झाल्या. महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्या केल्या. सरपंचपदेही त्यात आली.

आता खुर्ची मिळाली, पण तीत बसते कोण? एका गावी सप्ताहात काल्याच्या दिवशी सरपंचांच्या हस्ते आमचा सत्कार पुकारला, तो एक गृहस्थ नारळ घेऊन पुढे आले. आम्हांस ठाऊक होते की सरपंच त्यांच्या मंडळी आहेत. विचारले, तर म्हणतात, "महाराज, तिचं-माझं काय येगळं हाय? एकच की!" आम्ही म्हटले, "एकच असेल तर त्यांनाच बोलवा, तुमचे काही बिघडत नाही." बाई पंगतीच्या स्वयंपाकात होत्या. पिठाचे हात पुसत आल्या, नारळ दिला. दोन शब्द बोला म्हटल्यावर आधी गप्प, आणि मग हातपंपाच्या पाण्याविषयी इतके मुद्द्याचे बोलल्या की मंडप शांत झाला. पाणी आणणारीलाच पाण्याचे दुःख ठाऊक!

कोणी म्हणेल, चारचौघांत स्त्रीने बोलावे हे शास्त्राला मानवेल काय? शास्त्र उघडून पाहावे. बृहदारण्यकात जनकाच्या सभेत गार्गी याज्ञवल्क्यांना प्रश्न विचारते. एकदा थांबविली तरी सभेची अनुमती घेऊन पुन्हा उठते. तिला कोणी घरी जा म्हटले नाही. आमच्या संप्रदायात तर मुक्ताबाई चांगदेवांच्या गुरू झाल्या.

दुसरी अडचण खरी आहे, ती कामाची. रोजगार करून आलेली माय सभेला केव्हा जाणार? येथे पुन्हा जनीकडे पाहावे. तिच्या जात्याला पांडुरंगाने हात लावला असे आपण प्रेमाने वर्णन करितो, टाळ्या वाजवितो. मग सभेच्या दिवशी घरच्या पुरुषाने चूल पेटविली आणि लेकरू सांभाळले तर कोणता कमीपणा येतो? देवाला जमले ते ह्यांना जमू नये काय?

महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेण्याचा कायदा आहे. पुष्कळ ठिकाणी ती कागदावरच उरकते. वही घरोघर फिरते आणि अंगठे घेतले जातात. मायांनो, सभेला गेल्यावाचून सही देऊ नका. गेलात तर वहीत आपले नाव लिहा, आणि काय ठराव झाला तो वाचून दाखवा म्हणा. दारूच्या दुकानाचेही तसेच. बायांच्या मतदानाने ते बंद करता येते, परंतु यादीतील निम्म्याहून अधिक स्त्रियांनी आडव्या बाटलीला मत द्यावे लागते. गेलेल्यांपैकी निम्म्या नव्हेत, यादीतल्या निम्म्या! म्हणून जी त्या दिवशी घरी राहिली, तिचे मत दुकानदाराच्या पदरात पडल्यासारखेच होते.