कोणी आत शिरले नाही, म्हणजे काय?

झाशीच्या परकोटाला दहा दरवाजे आणि चार खिडक्या. दतिया, ओरछा, उन्नाव, भांडेर अशी दरवाजांची नावे बहुतेक भोवतालच्या गावांवरून पडलेली. त्यांत एक खंडेराव दरवाजा, ज्याचे नाव ऐकताच मराठी कानाला जेजुरी आठवते. आज खंडेराव गेट म्हणजे शहरातली एक वस्ती. दरवाजाचे मूळ काम मात्र नको त्याला अडवणे. समजा, इथल्या चौकीदाराने सकाळी वर्दी दिली, ‘रात्री कोणी आत शिरले नाही.’ ही वर्दी कशाचा पुरावा? दरवाजा भक्कम होता याचा, रात्री कोणी आलेच नव्हते याचा, की चौकीदाराला झोप लागली होती याचा? तिन्ही वेळा वर्दीचे शब्द तेच राहतात. ‘नाही’ हे ज्ञान कशाच्या बळावर होते, हा आपल्या दर्शनांचा जुना वाद आहे. सध्या तो जिथे रोज निकाली काढावा लागतो ती जागा मला ऑपरेटिंग सिस्टिमच्या सँडबॉक्सच्या, म्हणजे प्रोग्रॅमला कोंडून ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या, चाचण्यांत दिसते.

ऑपरेटिंग सिस्टिमचा सर्वसाधारण रिवाज असा की प्रोग्रॅम कोणाच्या नावाने चालला आहे ते पाहून त्याला फायली उघडू द्यायच्या. म्हणजे चौकीदार नाव विचारतो, आणि सरदाराचे नाव सांगणारा हरकाम्याही सरदाराइतकाच मोकळा फिरतो. १९६६ साली डेनिस आणि व्हॅन हॉर्न या संगणकशास्त्रज्ञांनी वेगळी रीत मांडली. जुन्या मराठी कागदांतला शब्द वापरायचा तर, नाव विचारू नका, दस्तक पाहा. दस्तक ज्याच्या हाती, त्याला त्यावर लिहिले असेल तेवढेच करता येईल. रॉबर्ट वॉटसन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली मांडलेली, फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये रुजलेली ‘कॅप्सिकम’ ही व्यवस्था याच रीतीची. (कॅप्सिकम म्हणजे आपली ढोबळी मिरची, ‘कॅपेबिलिटी’वरची ही कोटी इंग्रजीतच शोभते.) प्रोग्रॅम स्वतःहून स्वतःला कोंडून घेतो, आणि त्यानंतर हातातल्या दस्तकांपलीकडचे काहीही त्याला मागता येत नाही. कोंडीतून परत बाहेर पडण्याची सोय मुद्दामच ठेवलेली नाही.

इतर चाचण्या एखादी गोष्ट घडते का ते पाहतात. सँडबॉक्सच्या चाचण्यांना एखादी गोष्ट घडत नाही हे दाखवायचे असते. कुमारिल भट्टांच्या मीमांसापरंपरेने अशा ज्ञानासाठी ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र, सहावे प्रमाण मानले. पण त्याला अट घातली: अनुपलब्धी ‘योग्य’ हवी. वस्तू असती तर दिसलीच असती, अशी स्थिती असेल तरच तिचे न दिसणे प्रमाण ठरते. अंधाऱ्या खोलीत घागर दिसली नाही, एवढ्यावरून घागर नाही असे म्हणता येत नाही. आता एक साधी चाचणी घ्या. प्रोग्रॅम कोंडला, मग त्याला एक फाइल उघडायला लावली. उघडली नाही, चाचणी उत्तीर्ण. पुढे कोणीतरी साफसफाईत त्या फाइलीचे नाव बदलले. आता कोंडी पार ढासळली तरी फाइल उघडणार नाही, आणि चाचणी हिरवा दिवा दाखवत राहील. ही अंधाऱ्या खोलीतली घागर आहे. म्हणून जाणता परीक्षक आधी तीच फाइल कोंडीबाहेर उघडून दाखवतो, मग कोंडून घेऊन तोच प्रयत्न पुन्हा करतो. कुमारिलांची अट त्याने वाचलेली नसेल. पाळलेली मात्र असते.

लिहिण्यापेक्षा कठीण काम या चाचण्या सांभाळण्याचे. निषेध कायमचा आखून देता येत नाही. कॅप्सिकममध्ये सुरुवातीला ‘..’ ही, म्हणजे एक पायरी वर जाण्याची, खूण कोंडीत सरसकट बंद होती, कारण हाती दिलेल्या फोल्डरच्या वर चढण्याची ती वाट. पण पुष्कळ निरुपद्रवी प्रोग्रॅम एक पायरी खाली जाऊन पुन्हा वर येतात. पुढे नियम सैल झाला: त्या फोल्डरच्या बाहेर पाऊल पडत नसेल तर ‘..’ चालेल. मग ‘.. नेहमी अडलेच पाहिजे’ म्हणणारी चाचणी नापास होऊ लागली तर चूक कोणाची? चाचणी पुसून टाकणे सोपे, आणि घातकही. निषेधाचा हेतू काय होता ते शोधून त्याची नवी सीमा आखावी लागते. हे तर मीमांसकाचेच काम. शिवाय दरवाजे तपासून भागत नाही. ३ एप्रिल १८५८ रोजी इंग्रज सेनापती ह्यू रोजचे सैन्य झाशीत शिरले ते तटाला पडलेल्या खिंडारातून आणि शिड्या लावून. ओरछा दरवाजा फितुरीने उघडल्याची कथा लोक अजून सांगतात, पण शिड्यांना फितूर लागत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमला मिळालेला प्रत्येक नवा सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रॅमने तिच्याकडे काही मागण्याची नवी वाट, तटातली नवी खिडकी असू शकतो. कालच्या चाचण्यांना तिचा पत्ताही नसतो.

यावर संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्राचा प्रसिद्ध आक्षेप आहे: चाचणी दोष असल्याचे दाखवू शकते, नसल्याचे कधीच नाही. मग चाचण्या सोडून गणिती सिद्धता का देऊ नये? दस्तकांच्याच रीतीवर उभ्या असलेल्या ‘एसईएलफोर’ या कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, अशी सिद्धता २००९ साली प्रसिद्ध झाली, आणि ती मोठीच कामगिरी आहे. पण सिद्धता गृहीतकांवर उभी असते, आणि हार्डवेअर नेमून दिल्याप्रमाणे वागते हे त्यांतले एक. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे दोष जाहीर झाले तेव्हा प्रोसेसरच गुपिते बाहेर सांडू शकतो हे कळले. डाइक्स्ट्राचे म्हणणे मला मान्य आहे. त्यातून चाचणी निरुपयोगी ठरते हे मान्य नाही. योग्य अनुपलब्धीचा दावाच मर्यादित असतो: या खोलीत, या उजेडात, ही घागर नाही. जगात कुठेच घागर नाही, असे तिने कधी म्हटलेले नाही.

मीमांसेच्याच दुसऱ्या परंपरेतल्या प्रभाकराचा आक्षेप अधिक खोल जातो. त्याच्या मते अभाव नावाची वेगळी वस्तूच नाही. रिकामी जमीन दिसते, एवढेच. तसे पाहिले तर चाचणीलाही ‘फाइल उघडली नाही’ यापलीकडे काही दिसत नाही. पण न्यायशास्त्र विचारते, अभाव कशाचा? ज्याचा अभाव तो त्याचा प्रतियोगी, आणि प्रतियोगी बदलला की अभावही बदलतो. फाइलीचा अभाव वेगळा, अधिकाराचा अभाव वेगळा. फ्रीबीएसडीने अधिकाराच्या अभावासाठी दोन स्वतंत्र त्रुटिक्रमांक ठेवले: ९३ म्हणजे दस्तकात एवढा अधिकार नाही, ९४ म्हणजे कोंडीत असताना हे मागताच येत नाही. फाइलच नसेल तर जुना क्रमांक २. प्रभाकराच्या डोळ्यांना तिन्ही वेळा जमीन सारखीच रिकामी दिसेल. नीट सांभाळलेली चाचणी मात्र ९३ किंवा ९४ ची वाट पाहत असते, आणि २ आला तर, फाइल उघडली नसली तरी, नापास होते.