शरीराचा हक्क आणि जमातीचे कर्तव्य



मस्जिदीच्या पहिल्या सफेत वर्षानुवर्षे उभे राहणारे एखादे बुजुर्ग हळूहळू दिसेनासे होतात. हात कापतो, पावले आखूड पडतात, आवाज क्षीण होतो. लोक पाहतील या संकोचाने ते घरीच नमाज अदा करू लागतात. घरचे म्हणतात, "आता वय झाले." पुष्कळदा ते केवळ वय नसते; तो कंपवात, म्हणजे पार्किन्सन्सचा आजार असतो.

इंग्रज वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचे वर्णन केले. मेंदूतील डोपामिन नावाचे द्रव्य तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. त्यामुळे हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात, तोल जातो. औषधांनी त्रास आटोक्यात राहतो. समूळ बरे करणारा उपाय मात्र आज हाती नाही. अशा वेळी सब्र हाच आधार, हे खरे. परंतु सब्र म्हणजे काय?

सब्र म्हणजे खाटेवर पडून राहणे नव्हे. सब्र म्हणजे आपल्या जागी ठाम राहून शक्य ते करीत राहणे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी इबादतीत अतिरेक करणाऱ्या आपल्या एका सहाबींना, शरीराचाही तुमच्यावर हक्क आहे, याची जाणीव करून दिली होती. शरीर ही अल्लाहची अमानत आहे. कंपवातात हा हक्क मुख्यत्वे दोन गोष्टींनी अदा होतो : वेळेवर औषध आणि नियमित व्यायाम. झपझप चालणे, स्नायू ताणणे, तोल सांभाळण्याचा सराव, मोठ्या आवाजात वाचन यांनी चाल, तोल, वाणी आणि मन यांना बळ मिळते. कुरआनची तिलावत खुल्या आवाजात करणाऱ्याला सवाब तर आहेच, क्षीण होत चाललेल्या आवाजालाही सराव घडतो.

येथे एक भेद ध्यानी ठेवावा. नमाज ही इबादत आहे, कसरत नव्हे. म्हणून नमाज पढतो तेवढे पुरे, असे समजून व्यायाम टाळू नये. तसेच उभे राहवत नाही म्हणून नमाजही सोडू नये. हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) आजारी असता प्रेषितांनी (स.) त्यांना उभे राहून, ते न जमल्यास बसून आणि तेही न जमल्यास कुशीवर नमाज अदा करण्यास सांगितले. रमजानमध्ये रोजासाठी औषधाची वेळ परस्पर बदलणे धोक्याचे आहे. कुरआनने आजारी माणसाला सवलत दिली आहे. डॉक्टर आणि जाणत्या आलिमांचा सल्ला घेऊन ती स्वीकारण्यात कमीपणा नाही.

मुष्टियोद्धे मुहम्मद अली यांना १९८४ साली, वयाच्या ४२व्या वर्षी या आजाराचे निदान झाले. त्यानंतर १९९० साली ते इराकमध्ये गेले आणि १५ अमेरिकन ओलिसांना सोबत घेऊन परतले. १९९६ साली अटलांटा येथे ऑलिंपिकची ज्योत त्यांनी कापत्या हातांनी, साऱ्या जगासमोर पेटवली. त्यांनी हात लपवला नाही.

आता प्रश्न आपला आहे. आजाऱ्याची विचारपूस हा मुसलमानाचा मुसलमानावरील हक्क आहे. तो एका भेटीने फिटत नाही. फजरनंतर त्या बुजुर्गांसोबत अर्धा तास चाला. वजूखान्यात धरायला दांडी आणि बसायला स्टूल ठेवा, फरशी कोरडी राखा. चालता चालता त्यांचे पाय जागीच थिजले तर ओढू नका. थांबा, गालिचावरील सफेची रेघ दाखवा. अशी रेघ ओलांडण्याचा विचार केला की पुष्कळांचे पाऊल सुटते. त्यांचे वाक्य तुम्ही पुरे करू नका. चेहरा निर्विकार दिसला तरी मन जागे असते. त्यांची सेवा करणाऱ्या पत्नीला, सुनेलाही चार घटका विसावा द्या. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्ण आणि कुटुंबीय एकमेकांना आधार देतात. दिवसातून पाच वेळा एकत्र येणाऱ्या जमातीला हे अवघड का वाटावे?

हे अल्लाह, आजाऱ्यांना शिफा आणि सब्र दे, आणि आम्हाला त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहण्याची तौफीक दे. आमीन.