उसने आडनाव

आडनाव हे अंगरख्यासारखे असते की कातडीसारखे? सणासुदीच्या दिवसांत हा प्रश्न रिकामपणाचा वाटेल. परंतु स्कॉटलंडमध्ये एका कुळाला तो प्रत्यक्ष राजाज्ञेने विचारला गेला होता, आणि नाव न सोडणाऱ्याला शिक्षा देहांताची होती.

मॅकग्रेगर हे ते कूळ. १६०३ च्या फेब्रुवारीत ग्लेन फ्रूनच्या खोऱ्यात शेजारच्या एका घराण्याशी त्यांची लढाई झाली आणि प्रतिपक्षाची फार माणसे पडली. सहाव्या जेम्सच्या मंत्रिमंडळाने ३ एप्रिल रोजी हुकूम काढला, की हे नावच यापुढे नष्ट व्हावे. दोनच दिवसांनी जेम्स इंग्लंडची गादी घेण्यासाठी एडिंबरोहून निघाला. पुढे १६३३ मध्ये, मुलाचे नाव 'ग्रेगर' ठेवून धर्मोपदेशकाने त्याचा बाप्तिस्मा करू नये, असाही कायदा झाला. १६६१ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने बंदी उठवली; १६९३ मध्ये ती पुन्हा लादण्यात आली; आणि कायमची गेली ती १७७४ मध्ये. मधली बत्तीस वर्षे वगळली, तर एकूण १३९ वर्षे स्वतःच्या बापाचे नाव लावणे हा गुन्हा होता.

मग माणसांनी काय केले? कुणी ग्रॅहम झाले, कुणी मरे, कुणी ड्रमंड. प्रसिद्ध रॉब रॉय याने आईच्या माहेरचे कॅम्बेल हे नाव घेतले. मॅकग्रेगरांच्या जमिनी ज्यांनी गिळल्या, त्यांत कॅम्बेलच पुढे होते. ज्याने घर घेतले त्याच्याच छपराखाली पावसात उभे राहावे, तसे हे झाले! १७३४ मध्ये रॉब रॉय वारला तेव्हाही त्याच्या कुळाचे नाव बंदीतच होते.

आज कुणी आपल्या घराण्याचा शोध घेऊ लागला, की १८५५ पर्यंत त्याची वाट बरी चालते. त्या वर्षी स्कॉटलंडमध्ये जन्म, लग्न आणि मृत्यू यांची सरकारी नोंद सक्तीची झाली. त्यापूर्वीची भिस्त चर्चच्या वह्यांवर. तिथे लिहिणाऱ्याने कानाला पडले तसे लिहिलेले असते, आणि 'कॅम्बेल' या एका शब्दामागे खरा कॅम्बेल आहे की लपलेला मॅकग्रेगर, हे शाई सांगत नाही. अलीकडे पुरुषाच्या गुणसूत्राची तपासणी करून बापाकडचे रक्त कुणाशी जुळते ते कळू शकते. परंतु आजोबांनी रात्री दार लावून नातवाला कोणते नाव सांगितले, हे रक्तालाही ठाऊक नसते.

या लोकांनी जगाशी खोटे बोलले काय? मला तसे वाटत नाही. ज्याला सत्य ऐकण्याचा अधिकार आहे त्याला फसवणे म्हणजे असत्य. आणि नावासाठी गळा कापणाऱ्याने तो अधिकार स्वतःच गमावलेला असतो. पण गोष्ट इथे संपत नाही. ते उसने नाव पुढे मुलांच्या हाती आले. राजाला न सांगणे योग्य. मुलाला न सांगणे योग्य कसे? भीती गेल्यावरही जे मौन राहते, त्याचा दोष मात्र राजाच्या माथी मारता येत नाही.

बंदी उठल्यावर कुळाच्या नायकाच्या घराण्याने १८२२ मध्ये राजाच्या परवानगीने मरे हे नाव सोडून मॅकग्रेगर पुन्हा धारण केले. पुष्कळांनी तसे केले नाही. त्यांना कृतघ्न म्हणावे काय? ज्या नावाने आजीला पुरले, ज्या नावाने लेकीचे लग्न लागले, ते तिसऱ्या पिढीला उसने राहत नाही. ज्याने जीव वाचवला त्या नावाचेही ऋण असतेच. मला वाटते, वंशजावर बंधन आहे ते सही बदलण्याचे नव्हे. जाणून घेण्याचे आणि पुढच्याला सांगण्याचे.

या शोधात एक गोष्ट मला विशेष लागली. स्कॉटलंडच्या जुन्या नोंदींत आणि थडग्यांवर विवाहित स्त्रीचे माहेरचे आडनाव बहुधा जसेच्या तसे आढळते. म्हणून शोध घेणाऱ्याला आईची वाटही सापडते. आपल्याकडे काय झाले? लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळांत अंगठीने नवे नाव लिहिले, आणि आडनावच काय, मुलीचे पाळण्यातले नावही एका दुपारीत पुसले. कुणा राजाचा हुकूम नव्हता. आपणच पेढे वाटले. आपल्या वंशावळींत बापामागून बाप उभे असतात आणि आयांच्या जागी कितीदा नुसत्या रेघा असतात.

भाऊबीजेला बहीण ओवाळायला येते. भाऊ तिला जुन्याच नावाने हाक मारतो, आणि तीही क्षणभर त्या नावाची होते. यंदा ओवाळणी घातल्यावर घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना त्यांची पहिली नावे विचारावी, आणि मुलांपैकी कुणाचे अक्षर चांगले असेल त्याच्याकडून ती वहीत लिहून घ्यावी. त्याला वेळ थोडा लागेल. काही आज्यांना मात्र आपले नाव आठवायला थोडे थांबावे लागेल, तेवढे थांबावे.