चौथ्या गटातील भगिनी



२००० सालाच्या सुमारास उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात मुंबईचे टाटा मेमोरियल व बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर संशोधन केले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, गावांनुसार चार गट झाले. तीन गटांची तीन प्रकारे तपासणी झाली. चौथ्याला फक्त आरोग्यशिक्षण व नेहमीची सेवा मिळाली. २००९ साली निष्कर्ष आले : एचपीव्ही विषाणूची तपासणी झालेल्या गटात या रोगाने ३४ मृत्यू, चौथ्या गटात ६४.

हे न्याय्य होते का? तुलनेशिवाय सत्य कळत नाही, हे खरे. तिथे तपासणीची सोयच नव्हती, मग कोणाचे काय हिरावले, असेही म्हणतात. पण न हिरावणे म्हणजे न्याय नव्हे. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असे तत्त्वज्ञ कांट सांगतो. त्या ६४ जणी देवाच्या लेकी होत्या, आकडा नव्हत्या. त्यांच्यामुळे मिळालेले ज्ञान कपाटात राहिले, तर अन्याय दुप्पट होईल.

म्हणून भगिनींनो, तिशीनंतर लाजेपोटी तपासणी टाळू नका. पुरुषांनो, तुम्ही सोबत जा. त्यांचे ऋण असेच थोडेफार फिटेल.

आपला,
धर्मगुरू