दहा दिवसांच्या पुढे

माझा पाच वर्षांचा भाचा पाणी मागायचा आणि आम्ही चमचे मोजायचो. हृदयाच्या ऑपरेशननंतर अंगात पाणी साठू नये म्हणून दिवसाला किती मिलिलीटर द्यायचं ते ठरलेलं असतं. लघवीसुद्धा मापात घेऊन वहीत लिहायची. अंधेरीतल्या त्या वॉर्डात पडद्यापलीकडे धुळे जिल्ह्यातली एक आई हेच करत होती. तिच्या मुलीच्या हृदयाला भोक होतं, ते बुजवून सहा दिवस झाले होते. नवरा मजुरी बुडते म्हणून गावी परतला होता. शाळेत तपासायला आलेल्या डॉक्टरांमुळे हा आजार कळला, हे ती प्रत्येकाला सांगायची.

ती तपासणी म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. 2013 साली पालघरमधून त्याची सुरुवात झाली. हजार जन्मांमागे साधारण आठ-नऊ बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत जाऊन तो शोधणं हे मोठं काम आहे. ऑपरेशनच्या खर्चासाठी 2012 पासून राज्याची योजना आहे, आधी राजीव गांधींच्या आणि आता महात्मा जोतिराव फुल्यांच्या नावाने. या दोन्हींविषयी मला मनापासून कृतज्ञता वाटते, आणि म्हणूनच पुढचं बोलावंसं वाटतं.

योजनेच्या पॅकेजमध्ये डिस्चार्जनंतर दहा दिवसांपर्यंतची तपासणी आणि औषधं धरलेली आहेत. घरी परतायला एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंही आहे. काही उपचारांना पुढच्या तपासण्यांची वेगळी पॅकेजेस आहेत, पण त्यासाठी पुन्हा रुग्णालय गाठावं लागतं. इकडे मुलाच्या छातीचं मधलं हाड उभं कापून तारेने बांधलेलं असतं. ते सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर काखेत हात घालून उचलायचं नाही. एक हात मानेखाली, एक कुल्ल्यांखाली. सायकल नाही, झाडावर चढणं नाही, धक्काबुक्की नाही. घरभर चुलत भावंडं असलेल्या अंगणात हे कसं पाळायचं?

आणखी एका गोष्टीची मला जास्त धास्ती वाटते. काही मुलांच्या हृदयाभोवतीच्या आवरणात घरी गेल्यावर, ऑपरेशनला दोन-तीन आठवडे होऊन गेल्यावरही, पाणी साठतं. लक्षणं अगदी साधी दिसतात: ताप, मलूलपणा, जेवणावरची वासना जाणं, धाप. गावात याला दृष्ट लागली म्हणतील किंवा प्रवासाचा शीण. पाणी वाढलं तर हृदयावर दाब येऊन जीव धोक्यात येतो. वेळेत एक इको झाला तर बहुतेकदा औषधांवर भागतं. दहा दिवसांचा हिशेब बंद होतो तो नेमका या काळात.

यासाठी नवी यंत्रणा उभारायला नको. नवजात बाळाच्या घरी आशाताई ठरलेल्या दिवशी जातेच, थेट बेचाळिसाव्या दिवसापर्यंत. बेचाळीस दिवस म्हणजे सहा आठवडे. ऑपरेशन झालेल्या मुलाचं नाव डिस्चार्जच्याच दिवशी तिच्याकडे पोचावं, तसंच ज्या पथकाने आजार शोधला त्याच्याकडेही. आशाताईने वजन करावं, ताप पाहावा, जखम पाहावी आणि शंका आली की रुग्णालयाला फोन करावा. या फेऱ्यांचे पैसे तिला वेगळे मिळायला हवेत. नाहीतर आपण आणखी एका बाईकडून फुकट काम करून घेऊ. एक बाई ते आधीच करते आहे: दीड महिना मजुरी सोडून, रात्री दर दोन तासांनी उठून. योजनेच्या कोणत्याही रकान्यात तिच्या बुडालेल्या रोजाची नोंद नाही. ऑपरेशनचे पाच तास सर्जनचे असतात, पण बरं होण्याचे सहा आठवडे आईचे असतात, आणि उपचार म्हणताना आपण फक्त पहिलेच धरतो.

डिस्चार्जच्या सकाळी त्या मुलीने श्वासाच्या व्यायामाच्या यंत्रातला तिसरा चेंडू वर नेला. आई सिस्टरला विचारत होती, एसटीत खड्डा आला तर हिच्या छातीला काय लावू? सिस्टरने कॉटवरची उशी तिच्या हातात दिली आणि मुलीला ती छातीशी कशी घट्ट धरायची ते दाखवलं. घरी कोणी विचारपूस करायला येईल का, हेही आईने विचारलं. त्यावर सिस्टरने फाईलवर वॉर्डचा नंबर मोठ्या आकड्यांत लिहिला.